पिकअप नाही म्हणजे इंजिन गेलं?

जुन्या गाडीबद्दल आपल्याकडे एक वाक्य फार सहज बोललं जातं. "पिकअप राहिला नाही, इंजिन थकलं आता." दीड लाख किलोमीटर झाले की हे बोलायला मेकॅनिक असावं लागत नाही. शेजारी, मेव्हणे, पेट्रोल पंपावरचा पोरगा, कुणीही चालतं. आमच्या आजीला जिना चढताना दम लागायचा तेव्हाही सगळे "वय झालं" म्हणायचे. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि हिमोग्लोबिन सात निघालं. वय तर झालंच होतं, पण दम त्याने लागत नव्हता!

माझं म्हणणं एवढंच आहे की "थकलं" हे निदान नव्हे. आणि निदान करून घ्यायचे वेगळे पैसे द्यायला आपण तयार नसतो, म्हणून ते बहुतेक वेळा होतच नाही.

आमच्या वाईच्या काकांचं उदाहरण घरच्या मंडळींना माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. २०११ सालची पेट्रोल गाडी, १ लाख ७० हजार किलोमीटर. महिन्यातून एकदा काकूंना डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी साताऱ्याला न्यावं लागतं. गुडघ्यांमुळे काकूंना एस.टी.ची पायरी चढवत नाही, म्हणजे गाडी हवीच. ही गाडी पसरणी घाटात जिथे तिसऱ्यावर चढायची तिथे पहिल्यावर आली. एका गॅरेजने स्कॅनर लावला, कोड आला पी०३०३, मीटरवरचा आकडा पाहिला आणि सांगितलं, "काका, इंजिनकाम निघालंय. रिंगा, व्हॉल्व्ह, सगळंच. चाळीस हजार धरून चाला." पंधरा वर्षांची नोंदणी संपत आलेली, पुनर्नोंदणीची फी २०२२ पासून सहाशेची पाच हजार झालेली. काका गाडी भंगारात काढायच्या गोष्टी करायला लागले.

आता हा पी०३०३ म्हणतो काय? तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय. बस्स. का करतोय, ते तो सांगत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर चोंदला असेल किंवा खरंच कॉम्प्रेशन गेलं असेल. असाच दुसरा कोड पी०१७१. मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढंच तो सांगतो. कुठलीतरी रबरी नळी फाटून हवा ओढत असेल, पंप मंद झाला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. पुष्कळ ठिकाणी मात्र ऑक्सिजन सेन्सर बदलून बिल हातात देतात. कोड म्हणजे तापाचा आकडा. ताप मलेरियाचा की टायफॉईडचा, हे थर्मामीटरला कसं कळणार?

काका नंतर ज्या मिस्त्रींकडे गेले त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. पिकअप एकदम गेला की हळूहळू? इंजिन गार असताना की तापल्यावर? सपाटीवर बरी चालते का? मग स्वतः चालवून पाहिली. तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय, तसं नव्हतं. परत येऊन चारही चाकांजवळ हात धरून पाहिला. एखादं चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. तेही नव्हतं. इंजिनला हात न लावता दोन संशय मिटले.

पुढचं सगळं साध्या हिशोबाचं आहे. इंजिनला हवा लागते, पेट्रोल लागतं, वेळेवर ठिणगी लागते, सिलिंडरमध्ये दाब लागतो आणि जळलेला धूर बाहेर जायला वाट लागते. हवेचा फिल्टर ठीक, पेट्रोलचा दाब ठीक. तिसरा प्लग काजळलेला. कॉइल पहिल्या सिलिंडरवर लावली तर मिसिंगही तिकडे गेलं, म्हणजे दोष कॉइलचा. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. आकडे जवळजवळ सारखे! रिंगा-व्हॉल्व्ह झिजले असते तर तिथेच दिसलं असतं. (एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजतात. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह.)

पण एका सिलिंडरच्या मिसिंगने गाडी इतकी बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. सायलेन्सरच्या बाजूचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावला आणि काटा नको तितका वर गेला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला होता. तिसऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने त्यात जाऊन जळत होतं, आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळली. धूर बाहेर जाईना, म्हणून नवी हवा आत येईना. नुसता कन्व्हर्टर बदलला असता तर खराब कॉइलने तोही घालवला असता.

कॉइल, चार प्लग आणि कन्व्हर्टर मिळून खर्च इंजिनकामाच्या निम्म्याच्या आत बसला. (काही ठिकाणी जाळी फोडून रिकामा नळ बसवून देतात. स्वस्त पडतं, पण ते बेकायदा आहे आणि धूर आपल्याच गल्लीत सुटतो.) तपासणीचे आठशे रुपये वेगळे लावले तेव्हा काका कुरकुरलेच, "नुसतं बघायचे पैसे?"

माझं भांडण इथेच आहे. डॉक्टरची फी आपण मुकाट्याने देतो, गॅरेजमध्ये मात्र पैसे फक्त पार्टचे आणि तो बसवण्याचे. दोन तास डोकं लावून "तुमचं इंजिन चांगलं आहे" असं सांगणाऱ्याला काहीच मिळत नसेल, तर तो दोन तास कशाला घालवेल? पार्ट बदलत बसणं त्याला परवडतं. सगळे गॅरेजवाले लबाड नसतात, पण ही सवय त्यांना आपणच लावली आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन खाली, निळा धूर, दर महिन्याला ऑइलची भर, असं असेल तर इंजिन खरंच झिजलंय. तेव्हा गाडी काढणं शहाणपणाचं. आणि कधीकधी बिघाडच नसतो. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्के कमी होते, म्हणजे सुमारे १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात नवी गाडीही जरा मलूल वाटणारच. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मायलेज थोडं घटतं, पण तिसऱ्याची गाडी पहिल्यावर येत नाही.

तेव्हा मंडळी, कुणी "इंजिन गेलं" म्हटलं तर घाबरू नका आणि भांडूही नका. शांतपणे विचारा, "कॉम्प्रेशन मोजलं का? किती आलं? जरा लिहून द्या." आणि मोजायचे पैसे आनंदाने द्या. आकडे वाईट आले तर निदान गाडी का काढतोय ते तरी आपल्याला कळेल.