नावे कोण सुचवितो?

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली की विज्ञान मंडळाचा प्रमुख कोण, या चर्चेने वर्ग गजबजून जातात. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु मोठमोठ्या संस्थांनाही तो सहजासहजी सुटलेला नाही.

पुढारी निवडण्याच्या रीती मुख्यतः दोन. उमेदवाराने उभे राहावे व सभासदांनी मते द्यावीत, ही एक. जाणत्या मंडळींच्या समितीने योग्य व्यक्ती शोधून तिचे नाव सुचवावे, ही दुसरी. अनेक विज्ञानसंस्थांनी ही दुसरी रीत पत्करली आहे. कारण संशोधनात बुडालेला मनुष्य 'मला निवडा' म्हणत सहसा हिंडत नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळानेही २०१८ मध्ये संमेलनाध्यक्षपदाची निवडणूक बंद केली व संलग्न संस्थांनी सुचविलेल्या नावांतून निवड करण्याचे ठरविले. त्यामुळेच २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनास डॉ. अरुणा ढेरे व २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनास खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर हे अध्यक्ष लाभले. मतांची याचना करण्यास हे दोघे बाहेर पडले असते, असे आम्हांस वाटत नाही.

तथापि समितीच्या दृष्टीलाही मर्यादा असतात. मनुष्य ओळखीच्याच माणसांची नावे सुचवितो. आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाणारी संस्था १९३५ साली कलकत्त्यास स्थापन झाली. तिला पहिल्या महिला अध्यक्षा, डॉ. चंद्रिमा शाहा, लाभल्या त्या २०२० मध्ये. मध्ये ८५ वर्षे लोटली! या काळात गुणी स्त्रिया नव्हत्या काय? डॉ. असीमा चटर्जी यांनी तर १९७५ मध्येच भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले होते.

परंतु दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी आम्ही आपल्याकडे पाहावे हे बरे. विज्ञान मंडळासाठी नावे सुचविण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही वर्षानुवर्षे पहिल्या बाकावरील, स्पष्ट मराठी बोलणारी मुलेच निवडली. शेवटच्या बाकावर एक गोंडी बोलणारी मुलगी बसे. घरच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी कोणत्या आठवड्यात शिरली, याची नोंद ती दोन वर्षे वहीत ठेवीत होती. ती वही आमच्या हाती पडली, तेव्हा तिची दहावी संपत आली होती. आम्ही स्वतः कोकणीभाषी. उच्चारांना कोणी हसेल या भीतीने शाळेत गप्प बसत असू. तरीही ती आम्हांस दिसली नाही, याची लाज वाटते.

म्हणून आमचे मत असे. नावे समितीने अवश्य शोधावीत. परंतु प्रत्येक सदस्याने, ज्याचे नाव पूर्वी कधीच पुढे आले नाही, असे एक तरी नाव आणावे. निवडीची कारणे सर्वांसमक्ष सांगावीत, आणि अखेरचा कौल सभासदांचा असावा.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या जूनमध्ये तुम्हांसही नावे सुचवावयाची आहेत. हात वर करणाऱ्यांकडे जरूर पाहा. पण वही लिहीत बसलेल्यांकडे आधी पाहा. पालकांनीही, घरातील मुलीचे नाव पुढे आले तर, 'तुला कशाला ही उठाठेव?' असे म्हणू नये, एवढीच आमची विनंती.