माझी आवडती गाणी

यंदा मी सर्वांत जास्त ऐकले ते दोन अल्बम: ‘जैत रे जैत’ (१९७७) आणि ‘सैराट’ (२०१६). वसतिगृहातले मित्र इंग्रजी रॉक लावतात. तेही मला आवडते. पण आपल्या गाण्यांना ‘गावंढळ’ म्हणून ते हसतात, तेव्हा वाईट वाटते. पहिल्याची गीते आपल्या मराठवाड्यातल्या पळसखेड्याचे शेतकरी कवी ना. धों. महानोर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. दुसऱ्यासाठी अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडमध्ये वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. मग गावाचा सूर हलका कसा?

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आई खुरपताना गाते, हे सांगायला मीही लाजत होतो. दिवाळीत तिची गाणी मोबाइलवर टिपली. माझ्या यादीत तिसरे नाव तिचेच!