पांखरें आणि झाडलेलें अंगण

आपल्या घराभोंवतीं गोड गळ्याचीं पांखरें यावींत, अशी हौस ज्या घरीं नाहीं असें घर विरळाच. परंतु ही हौस पुरविण्याचा जो मार्ग बहुतेक जण धरितात, तो आमच्या मतें अगदीं उलट दिशेचा आहे. सकाळीं गच्चीवर ज्वारी-तांदुळाचे दाणे फेकावे, कबुतरें व कावळे गोळा व्हावे, आणि मग “हल्लीं चांगले पक्षी राहिलेच कोठें?” म्हणून हळहळावें, हा क्रम आम्ही पुष्कळ ठिकाणीं पाहतों. पक्षी आहेत. त्यांना आपलें अंगण आवडत नाहीं, इतकेंच.

आपल्या वस्तींत ज्याला खरोखर गवई म्हणावें असा पक्षी म्हणजे दयाळ. काळा-पांढरा, शेपूट उभारून बसणारा हा पक्षी उन्हाळ्यांत, पहांटे, झाडाच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून जी शीळ घालतो, ती एकदां लक्षपूर्वक ऐकिली म्हणजे विसरत नाहीं. या दयाळाला आपल्या दाण्यांशीं कर्तव्य नाहीं. त्याचें मुख्य अन्न किडे, अळ्या व टोळ. पानें शिवून घरटें करणारा इवलासा शिंपी, तोहि किड्यांवरच जगतो. शिंजीर फुलांतील मध पितो खरा, पण पिलांना किडे व कोळीच भरवितो. फार काय, दाणे टिपणारी आपली चिमणीदेखील पिलांच्या चोंचींत प्रथम अळ्याच घालते. तेव्हां ज्या दिवशीं आपण गुलाबावर कीटकनाशकाचा फवारा मारितों, त्या दिवशीं या सर्वांच्या घरची चूल विझवितों.

दाण्यांनीं दुसरेंहि एक नुकसान होतें. त्यांवर येणारा कावळा रिकाम्या हातीं परत जात नाहीं. शेजारच्या झुडपांतील अंडीं-पिलें तो हेरून ठेवतो. (गंमत अशी कीं, शास्त्रीय वर्गीकरणांत कावळा गायक पक्ष्यांच्या गटांत बसतो, आणि ज्याच्या कंठाची कवींनीं एवढी वाखाणणी केली तो कोकीळ त्या गटाबाहेर राहतो!)

मग करावें काय? आमचें उत्तर गृहिणींस रुचेल असें नाहीं. बागेचा एक कोपरा झाडूं नये. आपल्याकडे घराची परीक्षा अंगणावरून होते. पडलेलें पान म्हणजे आळसाची साक्ष, अशी समजूत आहे. पण त्या पानांखालींच किडे वाढतात. सातभाईंचा थवा पाचोळा उलटापालटा करीत कसा चरतो, तें पाहावें. त्यांचें गाणें यथातथाच, पण खोदकाम पाहण्यासारखें असतें. “पाचोळ्यांत साप येईल,” अशी भीति पालक बोलून दाखवितात, आणि ती अनाठायीं नाहीं. म्हणून हा कोपरा दारापासून दूर, कुंपणाच्या कडेला असावा, व लहान मुलांनीं तेथें हात घालूं नये. मात्र सापाला घराकडे ओढणारा मोठा पाहुणा उंदीर आहे, आणि उंदराला बोलावणारे ते सांडलेले दाणे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

हिरवळीची चटई व रंगीत क्रोटन यांचा पक्ष्यांस फारसा उपयोग नाहीं. मेंदीच्या दाट कुंपणांत बुलबुल घरटें करितो. जास्वंदीवर शिंजीर येतो. तुतीवर आणि कढीलिंबाच्या पिकल्या काळ्या फळांवर बुलबुल तुटून पडतात. ज्यांचें अंगण म्हणजे इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील गॅलरी, त्यांनींहि जास्वंदीची एक कुंडी व पाण्याची एक परळ ठेवून पाहावी. पाणी दोन बोटांहून खोल नसावें. परळींत एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्यास पाय टेकतां येतो. मांजर दबा धरील अशा झुडपाला ती लागून नसावी. पाणी रोज ओतून परळ घासावी, नाहींतर डांसांची पैदास होईल.

आतां विद्यार्थ्यांशीं दोन शब्द. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढें हें क्रौर्य’ ही कविता ज्यांनीं पाठ केली, त्यांच्याच खिशांत बेचकी सांपडावी, याचें आम्हांस नवल वाटतें. सालिम अलींनींहि (१८९६–१९८७) लहानपणीं चिमणी मारली होती, असा बचाव एखादा हुषार मुलगा करील. करो बापडा! पण ते ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, ही कोणती जात म्हणून विचारावयास, आणि पुढें जन्मभर पक्ष्यांचा अभ्यास केला. बेचकीहून आज अधिक त्रास मोबाईलचा आहे. फांदी वांकवून, पानें बाजूस सारून घरट्याचें छायाचित्र घेतलें, कीं आड असलेलें घरटें उघडें पडतें, आणि कावळा तें पाहत असतो. दहा हातांवरून पाहावें. पोपट पिंजऱ्यांत ठेवण्याबद्दल तर बोलावयासच नको: देशी पोपट पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. तरीहि कांहीं घरीं तो कौतुकानें पाहुण्यांपुढें बोलविला जातो.

दयाळ स्वतः घरटें टांगीत नाहीं. त्याला झाडाची ढोली अगर भिंतींतील भोंक लागतें. जुनीं झाडें तुटलीं, भिंती गिलावा करून गुळगुळीत झाल्या, तेथें त्याची अडचण झाली. ती दूर करणें मुलांच्या हातचें काम आहे. लाकडाच्या वखारींतून उरलेल्या फळ्या आणून वीतभर उंचीची पेटी करावी, समोर दोन इंचांचें भोंक पाडावें, तळाला पाणी निघून जाण्यास बारीक छिद्रें ठेवावींत. रंग आंतून देऊं नये. पावसाची झड आंत येणार नाहीं अशा बाजूस तोंड करून, माणसाच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर ती टांगावी. दयाळाची वीण साधारण मार्चपासून सुरू होते. तेव्हां पेटी संक्रांतीच्या सुमारासच टांगलेली बरी, म्हणजे जागा पाहावयास त्याला सवड मिळेल.