पार्लर गावात आलं, जबाबदार कोण?

भुवया कोरायला आता तालुक्याला जावं लागत नाही. कुठं बचत गटाच्या कर्जावर, कुठं कुणाच्या ओसरीत, गावोगाव ब्युटी पार्लर निघाली आहेत. घरच्या लेकी-सुनांना चार पैसे मिळतात, ते चांगलंच. पण तिथं कुणाची कातडी भाजली तर जबाब कोणी द्यायचा?

अकोल्याचं प्रकरण आठवून पाहा. तिथल्या एका विद्यार्थिनीनं स्थानिक ब्युटिशियनकडून गोरं होण्याची क्रीम घेतली. फरक दिसला म्हणून आई आणि बहीणही लावू लागल्या. 2022 साली तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं निदान झालं. क्रीम तपासली तर तीत मर्यादेच्या कितीतरी पट पारा! मर्यादा आहे दहा लाख भागांत एक भाग.

पैसे घेऊन सेवा दिली की 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. कामावरच्या मुलीच्या हातून चूक झाली तरी भरपाईची जबाबदारी मालकिणीवर येते. ‘नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी लावून सुटका होत नाही. निष्काळजीपणानं इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 125 आहेच. आणि सरपंच, ग्रामपंचायतीचा दाखला दुकानाला असतो, डबीतल्या मालाला नव्हे!

केसांच्या डायचं खोकं नीट वाचा. आधी थोडा लावून तपासा, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, अशी सूचना त्यावर छापावी लागते. लग्नसराईच्या गर्दीत ती वाचतो कोण?

खरी अडचण पुराव्याची. बियाणं उगवलं नाही तर तुम्ही पावती, पिशवी आणि टॅग घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे जाता ना? पार्लरमध्ये पावती कुणी मागत नाही. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात केस चुकीचे कापले म्हणून राष्ट्रीय आयोगानं 2021 मध्ये दोन कोटींची भरपाई दिली. सेवेत त्रुटी होती हे सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये मान्य केलं, पण नुकसानीचा पुरावा नाही म्हणून रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं.

तेव्हा पार्लर चालवणाऱ्या सुनेला पावतीपुस्तक आणून द्या, आणि बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच व मुदत नसलेली डबी घरात येऊ देऊ नका. इजा झालीच असेल तर डबी टाकू नका, फोटो काढा, डॉक्टरांचा कागद जपून ठेवा. तक्रार दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.