वाजवून घेतलेले मडके

हल्ली प्रदर्शनात मांडायचे म्हटले की नुसते मडके चालत नाही. त्याबरोबर कुंभाराचे 'कलाविषयक निवेदन' जोडावे लागते. माती त्याच्याशी काय बोलते, आकार कोणत्या अस्वस्थतेतून आला, हे सारे शे-दोनशे शब्दांत! आम्हां मराठीच्या मास्तरांना यात कामच मिळते, तेव्हा आम्ही तक्रार करू नये. तरी विचारावेसे वाटते की, कुंभारावर ही सक्ती का?

माझा एक जुना विद्यार्थी पिढीजात कुंभार. असाच एक अर्ज घेऊन आला नि म्हणाला, "सर, माझ्या माठात पाणी गार राहतं. एवढं लिहिलं तर भागेल का?" वास्तविक त्या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. माती कशी मळावी, आवा किती तापवावा, म्हणजे माठाच्या अंगाला बेताची छिद्रे राहतील, पाणी झिरपून बाहेर वाळेल आणि आतले गार होईल, हे त्याच्या हातांना ठाऊक. पण निवड करणाऱ्यांना 'भूमिका' हवी होती. ती मी लिहून दिली आणि त्याची निवड झाली. आता ती माठाची झाली की माझ्या मराठीची, हे कोण सांगणार? आणि ज्या कुंभाराच्या ओळखीत मास्तर नाही, त्याने कोठे जावे?

कुंभाराने लिहूच नये, असे मात्र नव्हे. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने १९४० साली 'ए पॉटर्स बुक' लिहिले. त्यात विचार आहेत, तशीच माती, झिलई, भट्टी यांची रोकडी माहितीही आहे. त्यावर कुंभारांच्या पिढ्या शिकल्या. त्याचाच जपानी मित्र शोजी हामादा माशिको गावी स्थायिक झाल्यावर भांड्यावर सहीसुद्धा करीत नसे. तरी १९५५ साली जपानने त्याला 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. एकाने ग्रंथ लिहिला, दुसऱ्याने नावही घातले नाही. दोघांनी केले ते आपखुशीने.

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनीही अभंग रचले, पण विठ्ठलासाठी. मडकी खपावीत म्हणून नव्हे. आख्यायिका सांगते की, संतांत कच्चे कोण हे पाहताना त्यांनी कोणाकडे निबंध मागितला नाही. थापटणे घेतले नि एकेकाचे डोके वाजवून पाहिले.

सक्तीच करायची तर एका चिठ्ठीची करा : माती कोठली, झिलई कसली, आंबट ठेवले तर चालेल का, विस्तवावर चढवता येईल का. गिऱ्हाइकाला एवढे कळलेच पाहिजे. बाकी ज्याला लिहिण्याची हौस असेल त्याने खुशाल लिहावे.

तोवर, वाचकहो, या दिवाळीत पणत्यांबरोबर एखादा माठ घ्याल, तेव्हा त्याला बोटाने टिचकी मारा. पक्का भाजलेला खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द. आपल्या आज्या अशीच मडकी घेत, आणि क्वचितच फसत.