हातचं राखून काय मिळवायचं?

मैत्रिणींनो, ‘संशोधन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरे कोट, काचेच्या नळ्या आणि इंग्रजीतले जाडजूड अहवाल. तिथं आपलं काय काम, असं आपण धरूनच चालतो. पण संशोधन संस्थेत नुसता शोध लावून भागत नाही. लागलेला शोध संस्थेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचावा लागतो आणि त्या शेवटच्या माणसाला जे दिसतं ते वरपर्यंत यावं लागतं. जाण्यायेण्याचा हा रस्ता बंद पडला की अहवाल कपाटात राहतो आणि अनुभव माणसाबरोबर घरी जातो.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास असल्याचं दिसलं आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के! हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जायचं. अंगावरून जाणं, पाळीचा त्रास या गोष्टी बायका विहिरीवर, शेतात एकमेकींना सांगतच होत्या. त्या कुणीतरी ऐकून घेतल्या, तपासल्या आणि लिहून ठेवल्या, तेव्हा जगाला त्या कळल्या.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. न्यूमोनिया झालेलं बाळ भरभर श्वास घेतं. मिनिटाला किती श्वास, यावरून आजार ओळखता येतो. हे काम गावातल्या सुईणीला शिकवायचं ठरलं. पण कित्येक सुईणींना दहा-बाराच्या पुढे आकडेच मोजता येत नव्हते. अशा वेळी आपल्याकडे काय होतं? ‘यांना काही जमायचं नाही’ म्हणून विषय संपतो. तिथं तसं झालं नाही. वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधं साधन तयार केलं गेलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, की बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं. म्हणजे सुईण काय शिकली नाही ते उगाळत न बसता, शिकवणाऱ्यांनी आपली रीत बदलली.

पुढे नवजात बाळांसाठी हीच वाट धरली. १९९५ पासून ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन घेणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणंसुद्धा त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना देशभर आणली. आज बाळंतपणानंतर आशाताई आपल्या दारात येते, त्यामागे गडचिरोलीतल्या त्या बायकांचं शिकणं आहे.

यात आणखी एक बाब होती. प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची खरी नोंद. मूल दगावलं तर ते लपवायचं नाही, का दगावलं ते विचारायचं. कारण चूक लपली की तिच्यापासून शिकणंही संपतं.

आता आपल्याकडे वळू. मी ज्या भागात काम करते तिथल्या एका आरोग्य केंद्रात महिन्याची बैठक मी पाहिली आहे. वरून आलेली माहिती वाचून दाखवायची, तक्ते भरून घ्यायचे, आकडा कमी आला की सर्वांसमोर रागवायचं आणि चहा घेऊन उठायचं. ‘बाई, तुम्हाला या महिन्यात काय वेगळं दिसलं?’ असं कुणी विचारलं नाही. मग पुढच्या महिन्यात ती बाई खरं कशाला सांगेल? वीस-पंचवीस वर्षं काम केलेली नर्सताई निवृत्त होते, तिला हार-नारळ मिळतो. पण कुठल्या पाड्यावर कुणाशी कसं बोलायचं, कुठल्या घरी आधी सासूला समजवायचं, हे तिचं शहाणपण कुणी लिहून घेत नाही. तिच्या जागी आलेली मुलगी पुन्हा पहिलीपासून सुरुवात करते. आणि तोवरची किंमत मोजतं कोण? एखादी बाळंतीण, एखादं तान्हं मूल.

आपल्यातही हातचं राखून शिकवायची सवय आहे. ‘सगळं सांगितलं तर आपली किंमत काय राहणार?’ ही भीती मोठ्या संस्थेतल्या साहेबाला असते, तशी बचत गटात हिशेब ठेवणाऱ्या ताईलाही असते. पण जिथं एकीलाच हिशेब येतो, तिथं ती आजारी पडली की गट बसतो.

म्हणून वाटतं, दवाखाना असो, शाळा असो की बचत गट, बैठकीत पहिलं बोलणं सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईचं असावं. चुकलेलं सांगणारीला रागवू नये. आणि जाणाऱ्या प्रत्येकीकडून निदान दोन पानं लिहून घ्यावीत. याला ना पैसा लागतो ना सरकारी आदेश.

या महिन्यात आशाताई तुमच्या गल्लीत आली, तर तिला जरा बसवा, पाणी द्या आणि विचारा, ‘ताई, गावात काय दिसतंय?’ ती जे सांगेल ते ग्रामसभेत मांडा. तिचं ऐकायला कुणीतरी सुरुवात करायलाच हवी, ती आपणच का करू नये?