हट्टी कोण?

आपल्या मराठीत एखाद्याला मंद म्हणायचे झाले की आपण त्याला 'बैल' म्हणतो. मुकाट मान डोलावणारा तो 'नंदीबैल', एकाच फेऱ्यात आयुष्य काढणारा तो 'घाण्याचा बैल'. आणि कुणाला आवरायचे झाले की त्याला 'वेसण घालावी' असे म्हणतो. हे वाक्प्रचार आम्ही शाळेत अर्थासह पाठ केले. परंतु ज्या जनावरावरून ते आले, त्याच्या तोंडाशी दोर धरून उभे राहण्याचा प्रसंग आपल्यापैकी थोड्यांवरच आला असेल. माझ्यावर तो आला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक आडमुठा खोंड दोरीने चालायला शिकवण्याचे काम माझ्या वाट्याला आले, आणि त्या तीन आठवड्यांत माझे एक मत बनले. ते आपणापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मी माणदेशातला. आमच्याकडे खिलार ही जनावरांची जात. पांढरी, काटक, लांब शिंगांची, पाऊसपाणी नसलेल्या मुलखात तगणारी, चालीला चपळ आणि स्वभावाने तापट. ट्रॅक्टर आल्यापासून दावणी ओस पडत चालल्या. तरीही आमच्या गोठ्यात एक म्हातारा बैल, एक गाय आणि तिचा दीड वर्षाचा खोंड हरण्या, एवढी जनावरे उरली आहेत. हरण्या अजून आदत, म्हणजे दुधाचे दातही न पडलेला. पण दावे सोडले की चार पाय रोवून उभा राहायचा. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निर्णय घेतला होता की पौषात खरसुंडीच्या यात्रेत त्याला बाजार दाखवायचा. न चालणारे जनावर बाजारात न्यायचे तरी कसे? म्हणून त्याला चालवायला शिकवणे भाग होते.

पहिल्या दिवशीचा प्रकार सांगण्यासारखा आहे. आण्णा पुढून दोर ओढत होते, शेजारचा एक जण मागून काठी मारत होता आणि मी शेपूट पिरगाळत होतो. हरण्याने थोडा वेळ सहन केले आणि सरळ बसकण मारली. तिघेही घामाघूम झालो. आण्णा म्हणाले, "ह्येला आजच्या आज येसन घाला. नाकात दोर गेल्याबिगार ह्यो वळायचा न्हाय."

ओट्यावर बसलेले आबा, माझे आजोबा, तोवर काही बोलले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "म्होरं तुमी वढतायसा, मागनं काठी हाय. त्यानं जायचं कुठं? बसल न्हाय तर काय करल?"

मला हे वाक्य त्या वेळी नीटसे कळले नाही. पुढे कळत गेले.

आबांनी मला म्होरकी बांधायला शिकवली. नायलॉनचा दोर त्यांनी बाजूला फेकला, कारण तो कातडी भाजतो. सुती दोर घेतला. म्होरकीचा एक वेढा तोंडावरून आणि दुसरा शिंगांच्या मागून जातो, आणि मोकळे टोक हनुवटीखालून येते. तोंडावरचा वेढा नाकाच्या हाडावर, डोळ्यांच्या थोडा खाली बसला पाहिजे. तो खाली मऊ भागावर घसरला तर श्वास कोंडतो, आणि श्वास कोंडलेले जनावर शिकत नाही, झुंजते. ओढले की दोर आवळतो, हात सैल केला की दोरही सैल होतो. सारी विद्या या दुसऱ्या भागात आहे.

पहिले तीन दिवस चालवायचेच नव्हते. म्होरकी घालून थोडा वेळ खुंट्याला बांधायचे, दोर इतका आखूड की पाय अडकू नये, आणि मी जवळ बसून वशिंडापाशी, गळ्याच्या पोळीखाली खाजवायचे. चौथ्या दिवसापासून पाव-पाव तास, सकाळ-संध्याकाळ. समोर उभे राहून डोळ्याला डोळा भिडवून ओढायचे नाही. खांद्याशी उभे राहून मान किंचित बाजूला वळवायची. तोल सावरण्यासाठी त्याला एक पाऊल टाकावेच लागते. ते पाऊल पडले, की त्याच क्षणी दोर सैल. दोन पावले नव्हेत, एकच. "त्यानं येक दिलं की तू बी येक दे," असे आबा म्हणत. आणि दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही. जनावर उधळले तर माणूस फरफटत जातो.

आठव्या दिवशी हरण्या विहिरीपर्यंत आला. पुढे म्हातारा बैल, मागे हा. मला आभाळ ठेंगणे झाले.

नवव्या दिवशी मी चूक केली. वस्तीवरची माझी दोस्तमंडळी बघत उभी होती आणि वाटेत हरण्या एकाएकी थांबला. मी ओढले, तो मागे सरला. कुणी तरी हसले. माझा तोल गेला आणि दोराचे टोक मी त्याच्या तोंडावर मारले. त्यानंतर जवळजवळ आठवडाभर मी नुसता हात वर केला तरी तो मान झटकून मागे जाई. एका फटक्याची किंमत आठ दिवस! तो थांबला होता कशाला, तेही नंतर पाहिले. वाटेवर ठिबकची काळी नळी आडवी पडली होती. गाईबैलांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्यांना आजूबाजूचे पुष्कळ दिसते, पण समोरच्या जमिनीची खोली चटकन उमगत नाही. थांबून, मान खाली घालून पाहावे लागते. तो हट्ट करत नव्हता. तो पाहत होता. मी त्याला पाहू दिले नाही.

येथे माझे मत मी स्पष्ट सांगतो. ज्याला आपण हट्ट म्हणतो, तो पुष्कळदा भीतीचाच प्रकार असतो; आणि भीतीवर काठी हा उपाय नसून तिचे खत आहे.

यावर कुणी म्हणेल, मग काय जनावर मोकळे सोडावे? मुळीच नाही. वयात आलेल्या खिलार बैलाचे वजन चार-पाचशे किलो भरते. रस्त्यावर तो उधळला, तर माणसाचा जीव जाऊ शकतो. उद्या हरण्याला वेसण घालावी लागेल, हे मलाही मान्य आहे. पण वेसण हा गाडीचा ब्रेक आहे. ब्रेक दाबून कुणी गाडी चालवायला शिकत नाही. आणि लाड करून, पेंडीचा तुकडा दाखवत फिरवलेला खोंड तुकडा संपला की पुन्हा उभा राहतो, हेही मी अनुभवले आहे. ओढ हवीच. पण पाऊल पडताच दोर सैल करणारा हातही हवा. आपल्याकडे ओढणारे पुष्कळ आहेत, सैल करणारे थोडे.

आता थोडे स्वतःविषयी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी एका तासाला मला प्रश्न विचारण्यात आला. उत्तर येत होते. परंतु तोंडातून 'पाणी' जाईल की 'पानी', या धास्तीने मी नुसता उभा राहिलो. "काय बैलासारखा उभा आहेस!" असे शब्द कानावर आले आणि वर्ग हसला. ज्यांनी ते म्हटले त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. तशी आपली भाषाच आहे. पण त्यानंतर चार महिने मी शेवटच्या बाकावर बसलो आणि एकदा दाखला काढून घेण्याचा अर्जही लिहून ठेवला. आता वाटते, ते शब्द अक्षरशः खरे होते. मी बैलासारखाच उभा होतो, म्हणजे घाबरून उभा होतो. पुढे दुसऱ्या एका तासाला मी अडखळत एक वाक्य बोललो. ते मोडकेतोडके वाक्य सरांनी न हसता फळ्यावर लिहून घेतले. दोर सैल झाला. मी आज हा लेख लिहितो आहे, तो त्या एका वाक्यामुळे.

जनावरांना निर्दयपणे मारणे हा आपल्या देशात १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरला. शाळेतल्या मुलांना शारीरिक शिक्षा करू नये, हे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ साली सांगितले. दोन्ही कायदे चांगलेच आहेत. परंतु कायद्याने काठी खाली ठेवता येते, जीभ नाही. ती ज्याची त्याने आवरायची असते. ही गोष्ट प्राध्यापकांना जितकी लागू आहे, तितकीच, किंबहुना अधिक, आपणा हसणाऱ्यांना लागू आहे. त्या दिवशी वर्ग हसला नसता, तर मी बहुधा चार महिने मागे गेलो नसतो. वाटेवर मित्र हसले नसते, तर मीही दोर उगारला नसता.

सुट्टी संपायला दोन दिवस राहिले असताना आण्णा विहिरीवर आले. मी दोर त्यांच्या हाती दिला. त्यांनी सवयीने काठीसाठी इकडेतिकडे पाहिले. मग तसेच खांद्याशी उभे राहिले, मान किंचित वळवली आणि हरण्या चालू लागला. गोठ्यापर्यंत ते काही बोलले नाहीत. दावे बांधून झाल्यावर म्हणाले, "चौथीत गुर्जींनी हातावर छडी मोडली हुती. पाढा येत हुता मला. पर तोंडातनं निघंना. दुसऱ्या दिसापासनं म्या ढोरामागं ग्येलो, त्यो ग्येलोच."

मी एकोणीस वर्षांत ही गोष्ट प्रथमच ऐकत होतो. आजवर आम्हांला एवढेच ठाऊक होते, की आण्णा लहानपणी फार हट्टी होते, म्हणून शिकले नाहीत.

हरण्या खरसुंडीच्या यात्रेला गेला नाही. तो आमच्याच दावणीला आहे.